बेलहाळच्या बारवेचं शूटिंग

उदगीरच्या मोंढ्यात चंद्रप्पांची धान्याची आडत होती आणि आडतीच्या माडीवर व्हिडिओ शूटिंगचं दुकान. आडत वडिलांची, व्हिडिओचा नाद त्यांचा स्वतःचा. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली लोक गुलाल उधळत फिरत होते, तेव्हा चंद्रप्पांनी मुंबईहून सेट मागवला आणि दोन महिन्यांत अख्ख्या तालुक्यात नाव केलं. लग्न असो, जावळ असो, गादीवरच्या स्वामींची मिरवणूक असो, चंद्रप्पांचा कॅमेरा आल्याशिवाय कार्याला शोभा नाही असं लोक म्हणू लागले.

तो सेट दोन तुकड्यांचा होता. कॅमेरा एकाच्या खांद्यावर आणि कॅसेट फिरवणारी रेकॉर्डरची जड पेटी दुसऱ्याच्या गळ्यात. मधे जाड काळी वायर. कॅमेरावाला चालला की पेटीवाल्यानं चालायचं, तो वळला की वळायचं, तो मागं सरकला की त्याच्या आधी मागं सरकायचं. बैलजोडीसारखं काम.

पंचफुलाला त्यांनी ठेवलं ते या पेटीसाठी. आधी एक गडी होता. पण हळदीच्या खोलीत दोन-दोन पुरुष शिरले की बायका पदर ओढून भिंतीकडं तोंड करायच्या आणि कॅसेटीत नुसत्या पाठी यायच्या. म्हणून बाई हवी होती. पंचफुला मॅट्रिक झालेली, अंगानं काटक, कोणाच्या नजरेला नजर देताना न डगमगणारी. तिचा नवरा नरसिंग लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या तिथं गवंडीकामावर होता, रविवारी घरी यायचा. घरात ती आणि सासू सरजाबाई.

काही घरांत कॅमेऱ्याला आत घेत आणि पंचफुलाला उंबऱ्याशी थांबवत. बौद्धवाड्यातली बाई, आत कशाला. मग मन्मथ, म्हणजे चंद्रप्पांचा पुतण्या, जो कॅमेरा धरायचा, तो वायर ताणली जाईस्तोवर आत जायचा आणि म्हणायचा, "पेटी आत आल्याबिगर नवरी कॅसेटीत येणार न्हाई. बगा तुमचं तुमी." घरातले एकमेकांकडं बघत. मग कोणीतरी हळूच म्हणे, "येऊ द्या." असं करत पंचफुला उदगीरच्या कितीतरी घरांचे उंबरे ओलांडून आत गेली. आत गेली की ती खाली मान घालून उभी राहायची नाही. सगळं बघायची.

पुढं पुढं न्हाणं-हळदीच्या वेळी मन्मथच बाहेर थांबू लागला. दार थोडं किलकिलं, वायर दारातून आत, पेटी बाहेर मन्मथच्या गळ्यात आणि कॅमेरा आत पंचफुलाच्या खांद्यावर. तिला ते जमलं. नुसतं जमलं नाही, आवडलं. बायका तिच्यापुढं हसायच्या, भांडायच्या, गाणी म्हणायच्या. मन्मथच्या कॅसेटीत माणसं उभी असत. पंचफुलाच्या कॅसेटीत ती जिवंत असत. हे चंद्रप्पांना कळत होतं, पण बोलून दाखवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. मागचा पाऊस रोहिण्यांत तोंड दाखवून गेला तो परत आलाच नाही. ज्वारीची कणसं भरली नाहीत, मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या बसक्या झाल्या. तरी लग्नं थांबली नव्हती, आणि चंद्रप्पांनी त्याच उन्हाळ्यात मुंबईहून नवा कॅमेरा आणला.

माडीवर सगळ्यांना बोलावून त्यांनी खोका उघडला.

"हे बगा. पेटी कॅमेऱ्याच्या पोटातच हाय. कॅसेट इथूनच आत जाती. वायर न्हाई, काय न्हाई. एकट्या माणसानं खांद्यावर टाकायचं नि निघायचं."

मन्मथनं तो खांद्यावर घेतला, इकडून तिकडं फिरला, जिन्यावर चढून उतरला. मागं कोणी नाही म्हणून त्याला हसू येत होतं.

"आन मी?" पंचफुलानं विचारलं.

चंद्रप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज मऊ केला. "बग यव्वा, आता तुजं काम उरलं न्हाई. मशीनच तशी आली, मी काय करू?"

"पेटीचं काम उरलं न्हाई, अप्पा. कॅमेऱ्याचं उरलं न्हाई का?"

"बाईच्या हातात कॅमेरा? आख्खं लग्न? लोक काय म्हणतील?"

"हळदी कोण करतंय इतकी वर्षं? लोकांनी काय म्हणलं?"

चंद्रप्पा नुसते हसले आणि खोक्यातलं थर्माकोल गोळा करायला लागले. बोलणं संपलं असं त्यांना वाटलं.

पण त्याच आठवड्यात साहेबराव आले. साहेबराव म्हणजे पंचफुलाचे चुलते, बेलहाळला राहणारे. बेलहाळ तिचं माहेर. त्यांच्या विशाखाचं लग्न ठरलं होतं, मुलगा मुखेडचा, किनवटच्या आश्रमशाळेत मास्तर. बेलहाळच्या बौद्धवाड्यात आजवर कोणाच्या लग्नाचं शूटिंग झालं नव्हतं. साहेबरावांनी फार आधीच तारीख सांगून ठेवली होती आणि आता पत्ता समजावून सांगायला आले होते. चंद्रप्पांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याच दिवशी लातूरच्या एका मोठ्या आडत्याकडचं लग्न होतं.

"साहेबराव, तुमचं जमणार न्हाई. मन्मथ लातूरला जायलाय."

साहेबरावांचा चेहरा पडला. ते भांडणारे नव्हते. टोपी हातात घेऊन उठलेही. पंचफुला जिन्याशी उभी होती.

"मी जाते," ती म्हणाली. "जुना सेट हाय की. शब्द तुमी दिला होता, अप्पा, तो मोडू नका. कॅमेरा मी धरते."

"आन पेटी कोण धरंल?"

"माझी सासू."

माडीवर हशा झाला. चंद्रप्पाही हसले. पण साहेबराव बसले परत, आणि म्हणाले, "आमाला चालतंय. आमची लेक हाय ती." गिऱ्हाइकालाच चालतंय म्हटल्यावर चंद्रप्पांना नाही म्हणता येईना. एकच बजावलं, की लग्न झालं की कॅसेट आधी दुकानात आली पाहिजे.

सरजाबाईला हे कळलं तेव्हा ती शेण थापत होती. "मी? त्या मशिनीचं मला काय कळतंय?"

"काही कळाया नको, आत्याबाई. मी जिकडं जाईन तिकडं यायचं. वायर ताणू द्यायची न्हाई."

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तलावाची माती वाहिली डोक्यावर. ती पेटी किती जड असंल तशी?" हात धुऊन सरजाबाईनं पेटी गळ्यात अडकवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "हाय की जड," ती म्हणाली, पण उतरवली नाही. दोन दिवस दोघी अंगणात फिरल्या. वायरचं टोक पेटीत कसं बसतं, निघालं तर खाच बघून कसं दाबायचं, कॅसेट फिरायला लागली की कोणतं बटण खाली जातं, हे पंचफुलानं दाखवलं आणि सरजाबाईनं पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेजारणी बघायला जमल्या. सरजाबाई त्यांना म्हणायची, "सरका, शूटिंगच्या मधी येऊ नका."

लग्नाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघी बेलहाळला उतरल्या. वाड्यात मांडव पडला होता, निळ्या पताका होत्या, विहाराच्या पत्र्याच्या खोलीपुढं पाट मांडले होते. पण सगळ्या बाया रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

वाड्यातला हापसा फाल्गुनातच कोरडा पडला होता. हापसला तर नुसता घोरायचा. पाणी होतं ते गावच्या बारवेत, आणि तेही टँकरचं. एक दिवसाआड टँकर यायचा. त्याच्या दारावर नव्या रंगानं 'जिल्हा लातूर' लिहिलेलं होतं आणि त्या रंगाखालून जुनं 'उस्मानाबाद' अजून दिसत होतं. टँकर बारवेत रिकामा व्हायचा. गावातल्या बाया पायऱ्या उतरून भरायच्या. बौद्धवाड्यातल्या बायांनी वर कठड्याजवळ बसायचं. गावाचं झालं की कोणीतरी वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. कायद्यात असं काही नव्हतं. बेलहाळात होतं. ओल्या सालात वाड्याच्या हापशाला पाणी असायचं, म्हणून हे कोणाला टोचत नव्हतं. दुष्काळानं हापसा आटवला आणि सगळ्यांना परत बारवेच्या कठड्यावर आणून बसवलं.

लग्नाला वाढीव पाणी लागणार म्हणून साहेबराव आधीच दगडोबाकडं जाऊन आले होते. दगडोबा गावचा कारभारी. टँकरची चिठ्ठी त्याच्या सहीनं पुढं जायची. "बगू," तो म्हणाला होता. सकाळी निरोप आला की आधी गावाचं होऊ द्या. सूर्य डोक्यावर यायला लागला, मुखेडची मंडळी एसटीतून उतरायची वेळ झाली, तरी वाड्यात प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं.

भामाबाई, म्हणजे विशाखाची आई, उठली. तिनं घागर काखेत घेतली.

"चला गं."

"कुठं?"

"बारवंला. बसून लई दिवस झाले. आज मागायचं न्हाई, भरायचं."

साहेबराव घाईनं पुढं आले. "अगं, लग्नाचा दिवस हाय. आज भांडण नको."

"लग्नाचा दिवस हाय म्हणूनच जायलाव. लेकीच्या सासरचे येऊन तहानेले बसले तर ती काय तोंडानं नांदंल?"

एकेक करून सगळ्या उठल्या. आणि त्यांच्या मागोमाग विशाखा बाहेर आली. पांढरी साडी, हातात हिरव्या बांगड्या, केसांत मोगरा. कोणीतरी तिला अडवलं, तर ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं पाणी हाय. मी भरते." तिनं छोटी कळशी उचलली.

पंचफुलानं सरजाबाईकडं बघितलं.

"बगतीस काय?" सरजाबाई म्हणाली. "नवरी चालली ना? मग चल. दाब तुजं बटण."

पंचफुलानं कॅमेरा खांद्यावर घेतला. कॅमेऱ्याला आधी पांढरा रंग दाखवावा लागायचा, तेव्हा बाकीचे रंग नीट उमटत. तिनं विशाखाच्या साडीवर धरला. मग लाल दिवा लागला आणि बायांची रांग वाड्याच्या वाटेनं गावाकडं निघाली. पुढं भामाबाई, मधे नवरी, कडेनं कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मागं गळ्यात पेटी घेतलेली म्हातारी, नऊवारीचा कासोटा खोचून.

बारवेच्या कठड्यावर कोणी काही बोलायच्या आत भामाबाई पायऱ्या उतरली होती. तिच्या मागं बाकीच्या. खाली भरत असलेल्या गावातल्या दोघी-तिघी बाया बाजूला झाल्या, एकीनं तर घागर तिथंच सोडली. वरून आरडाओरडा झाला. पोरं पळाली आणि दगडोबा आला, चपलेचा एक पट्टा तुटलेला, तसाच फरपटत.

"कोणाला इचारून उतरलाव गं?"

"तहानेला इचारून," भामाबाई खालून म्हणाली.

मग त्यानं तोंड सोडलं. आई काढली, बाप काढला, जात काढली. तुमच्या हातानं पाणी नासलं, आता सगळी बारव उपसायला लावीन म्हणाला. टँकर गावाचा आहे म्हणाला.

विशाखा शेवटच्या पायरीवर उभी होती, पाय पाण्यात. तिनं वर बघितलं. "टँकरवर जिल्ह्याचं नाव हाय. तुमचं कुठं हाय ते दाखवा."

तेव्हा दगडोबाला कॅमेरा दिसला.

"ए! ते बंद कर! कोण हाय गं तू?"

"साहेबरावांची पुतणी. लग्नाचं शूटिंग हाय," पंचफुला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "नवरी इथं हाय म्हणून कॅमेरा इथं हाय."

एक जण पुढं धावला. त्यानं कॅमेऱ्याला हात घालण्याऐवजी मधली वायर ओढली. टोक पेटीतून निघालं. पंचफुलाच्या डोळ्यासमोरचं चित्र काळं झालं.  क्षणभर वाटलं, झालं, आता सगळ्यांना मारणार.

सरजाबाईनं खाली वाकून वायरचं टोक उचललं, पदरानं पुसलं, खाच बघितली आणि दाबून बसवलं. बटण खाली केलं. मग त्या माणसाकडं बघून म्हणाली, "आता मला हात लाव. फिरायली बग ती. तुजं तोंड नीट येऊ दे."

माणसानं हात मागं घेतला.

पंचफुलाच्या डोळ्यापुढं पुन्हा उजेड झाला. त्या भिंगात सगळं काळं-पांढरं दिसायचं. पाणी काळं, घागरी पांढऱ्या. तिनं कॅमेरा वर केला आणि कठड्यावरच्या माणसांवरून सावकाश फिरवला, एकेका चेहऱ्यावर थांबत.  एकानं तोंड फिरवलं. एकानं सदऱ्याची गुंडी लावली. असं करत ती दगडोबावर आली आणि तिथंच राहिली.

"काका, मशीन मधीच बंद पडली होती. तुमी आमच्या हाताबद्दल काय म्हणत होताव ते परत एकदा म्हणा."

 दगडोबानं डोक्यावरचा रुमाल नीट केला. मागं वळून बघितलं, तर मागचे लोक दोन पावलं सरकलेले. खाली घागरींच्या बुडबुड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"मी काय म्हणलो?" शेवटी तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम सभेतल्यासारखा झाला. "रांगेनं भरा म्हणलो. पाणी सगळ्यांचं हाय. शिस्त पाहिजे, एवढंच."

"ऐकलं का गं?" भामाबाई खालून ओरडली. "पाणी सगळ्यांचं हाय! भरा!"

त्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. मुखेडची मंडळी उतरली तेव्हा मांडवाच्या तोंडाशी रांजण भरलेले होते. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, पंचफुलानं सगळं टिपलं. दिवसभर कॅमेरा धरून बोटं आखडली होती. जेवताना भाकरी मोडता येईना, तेव्हा सरजाबाईनं मोडून दिली आणि स्वतःचा खांदा चोळत बसली.

चार दिवसांनी चंद्रप्पांचा निरोप आला. माडीवर ते एकटेच होते.

"दगडोबा येऊन गेला. बेलहाळचं सगळं धान्य माझ्या आडतीला येतंय, तुला ठाऊक हाय. त्याचं म्हणणं वाईट न्हाई. लग्न ऱ्हाऊ दे, त्यानं रांगेचं सांगितलं तेबी ऱ्हाऊ दे. त्याच्या आधीची शिवीगाळ तेवढी पुसायची. कॅसेट आण. मन्मथ त्याच्यावर गाणं भरून देईल, कळणार बी न्हाई."

"पुसायचं न्हाई, अप्पा."

"कॅसेट दुकानाची हाय."

"दुकानाची कशी? साहेबराव काकानं दुकानाला सांगितलं होतं. त्यांच्या लग्नाची हाय. मी त्यांच्या हातात दिली."

"तुला आधी दुकानात आणायची सांगितलं होतं."

"हाव. सांगितलं होतं. आणली न्हाई."

चंद्रप्पांनी गादीवर हात आपटला. "एवढा हट्ट कशाला? तुमाला पाणी मिळालं ना? मग त्या चार शिव्यांनी तुमचं काय अडतंय?"

पंचफुला जिन्याकडं वळली होती, ती थांबली.

"आमचं न्हाई अडत. त्याचंच अडतंय, म्हणून तर पुसा म्हणायलाय. अप्पा, पुसायचं असंल तर त्या बायांनी भरलेलं पाणी आधी बारवंत परत वता. वतता येतंय का बगा. मग मी कॅसेट आणून देते."

चंद्रप्पा लाल झाले. सेट इथंच ठेव आणि परत माडी चढू नको म्हणाले. सेट तिनं सकाळीच आणून ठेवला होता. ती खाली उतरली आणि मोंढ्यातून चालत घरी आली. घरी येईपर्यंत तिनं मान ताठ ठेवली. घरी आल्यावर चुलीपुढं बसून रडली. सरजाबाईनं तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "झालं? ऊठ. आता ती कॅसेट लावायची कशावर ते बग. मी केलेलं काम मला बगायचंय."

रविवारी नरसिंग आला. त्याला सगळं रस्त्यातच कळलं होतं. "कशाला वैर घेतीस? ते लोक उद्या काकाला तरास देतील. देऊन टाक."

"तू पाह्यलं का ते?"

"न्हाई."

"मग पाह्यल्याबिगर कसं म्हणतूस देऊन टाक?"

नरसिंग जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुढच्या रविवारी एसटीच्या टपावर एक रंगीत टीव्ही आणि मांडीवर एक व्हीसीआर घेऊन तो आला. लातूरला त्याच्या बरोबरचा एक जण भाड्यानं द्यायचा धंदा करत होता. "चल," तो पंचफुलाला म्हणाला. "मला बी पाहू दे."

बेलहाळच्या विहारात भर दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला. वाडा सगळा आत बसला. विशाखा माहेरी आली होती, नवराही होता. मग गावातली माणसं यायला लागली. आधी पोरं, मग तरुण, मग काही बायाही, दारापाशी उभ्या. टीव्हीवर आपलं गाव दिसणार म्हटल्यावर कोणाला राहवेना. गर्दीत मागं दगडोबाही होता. त्याला वाटलं असावं, चंद्रप्पांनी शिव्या पुसून घेतल्या असतील.

चित्र लागलं. पांढरी साडी, मग तांबडी वाट, मग घागरींची रांग. बाया स्वतःला बघून हसल्या, एकमेकींना ढोसलं. "माय, मी कशी चाललेय!" बारवेच्या पायऱ्या आल्या आणि हसणं थांबलं. मग दगडोबाचा आवाज आला.

विहारात सगळ्यांनी तो पूर्ण ऐकला. आई, बाप, जात, नासलेलं पाणी. भांडताना ऐकलेलं आणि असं बसून ऐकलेलं यात फरक असतो. बायांच्या माना खाली गेल्या नाहीत. पुरुषांच्या गेल्या, आणि त्यात गावातल्या बऱ्याच होत्या. मग पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली, आणि पुन्हा उजेड. रुमाल नीट करणारा दगडोबा. "पाणी सगळ्यांचं हाय. शिस्त पाहिजे, एवढंच."

पहिल्यांदा विशाखाचा नवरा हसला. मग सरजाबाई. मग सगळं विहार हसलं, आणि दाराशी उभी असलेली गावातली तरणी पोरंही हसली. मागं वळून बघितलं तेव्हा दगडोबाची जागा रिकामी होती.

"परत लावा," साहेबराव म्हणाले. भांडण नको म्हणणारा माणूस. "तेवढं परत लावा."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. भामाबाई घागर घेऊन निघाली, तिच्यामागं वाड्यातल्या सगळ्या. पंचफुला उदगीरला परतली होती, कॅमेरा मोंढ्यात कुलपात होता. कठड्यावर दगडोबा उभा होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"आज कॅमेरा न्हाई आणला?"

"आज लग्न न्हाई," भामाबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

त्यानं दोन दिवस साहेबरावांशी बोलणं टाकलं. एकदा वाड्यासाठीच्या जादा टँकरची चिठ्ठी अडवून बघितली, तेव्हा विशाखाचा नवरा आणि साहेबराव लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत जाऊन बसले आणि टँकर वेळेवर आला. एका आषाढातल्या दुपारी गावातल्या दोघींनी भामाबाईच्या घागरीला घागर लागली म्हणून भांडण काढलं. भामाबाई भांडली. पण कठड्यावर परत कोणी बसलं नाही.

पंचफुला तो उन्हाळा रोजगार हमीच्या रस्त्याच्या कामावर गेली. कॅसेट मात्र हिंडत होती. मुखेडला विशाखाच्या सासरी गेली, तिथून किनवटच्या आश्रमशाळेत, तिथून देगलूरला कोणाच्या तरी मामाकडं. परत आली तेव्हा तिचे रंग थोडे उडाले होते. आणि दिवाळी झाली तसे मोंढ्यात चंद्रप्पांच्या माडीवर लोक येऊन विचारू लागले, की शूटिंगला ती बाई पाहिजे. गावोगावच्या बौद्धवाड्यांतले लोक होते, तसे एक-दोन मोंढ्यातलेही. त्यांच्या बायकांना हळदीत पंचफुलाच हवी होती. चंद्रप्पांनी महिनाभर टोलवाटोलवी केली आणि शेवटी स्वतः तिच्या दारात आले. बाजेवर बसले, सरजाबाईनं दिलेला चहा प्याले.

"जुना सेट पडून हाय. घेऊन जा. मुखेडचं लग्न हाय."

"नेते," पंचफुला म्हणाली. "पण ज्यांचं लग्न त्यांची कॅसेट. दुकानातून कोणी काही पुसायचं न्हाई."

"लई माजलीस तू."

"हाव," ती म्हणाली.

 चंद्रप्पांनी कमरेची माडीच्या कुलपाची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली, आणि मुखेडची मंडळी कोणत्या आळीत राहतात ते सांगू लागले.